बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय? पाणी भरण्याआधी हे तपासा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे जातात आणि साधारण त्याच सुमारास घरोघरी हीटिंग पहिल्यांदा चालू होतं. उन्हाळाभर बॉयलरकडे कोणी पाहिलेलं नसतं. काटा केव्हाच खाली आलेला असतो, पण ते कळतं थंडी पडल्यावर. मग ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तोच असतो: "प्रेशर भरलं, दोन दिवस चाललं, पुन्हा उतरलं. आता काय?"

मी गॅस इंजिनिअर नाही. बॉयलरचं झाकण मी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. पण झाकणाबाहेर राहून हा बिघाड स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या घरी पुष्कळदा शोधला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: काटा किती उतरला यापेक्षा तो कधी उतरतो हे महत्त्वाचं. गरम असताना, गार झाल्यावर, रातोरात की महिनाभरात? तेवढं नीट पाहिलं तर निम्मा शोध तिथेच लागतो. ते न पाहता नुसतं पाणी भरत राहिलात तर बिघाड राहतो बाजूला आणि रेडिएटर आतून गंजायला लागतात.

आधी लक्षणं

हे सगळं कॉम्बी बॉयलरबद्दल आहे, म्हणजे हीटिंगचं पाणी बंद नळ्यांमधून फिरतं आणि बॉयलरवर प्रेशरचा काटा किंवा आकडा असतो, अशा घरांबद्दल. जुन्या घरांत हीटिंगसाठी माळ्यावर छोटी टाकी असते आणि प्रेशरचा काटाच नसतो. तुमच्याकडे तसं असेल तर यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवू. शॉवरला पाणी बारीक येतंय म्हणून बॉयलरचं प्रेशर वाढवू नका. नळाचं पाणी रस्त्याखालच्या मेनमधून येतं, बॉयलरमधून जाताना तापतं आणि नळातून बाहेर पडतं. रेडिएटरमधलं पाणी वेगळं, ते आतल्या आतच फिरतं. काटा दाखवतो तो फक्त या दुसऱ्या पाण्याचा दाब.

सगळं गार असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये असावा. हीटिंग तापल्यावर तो २ च्या आसपास गेला तर काही बिघडलेलं नाही. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, आणि दाब अर्ध्या बारच्या आसपास आला की बहुतेक बॉयलर स्वतःहून बंद पडतात. तिमजली घरात बॉयलर तळमजल्यावर असेल तर काटा थोडा वर ठेवावा लागतो, कारण दहा मीटर उंच पाण्याला साधारण १ बार दाब लागतो आणि वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत तो पुरायला हवा.

आता यातलं तुमच्याकडे काय दिसतंय ते ओळखा.

- काटा १ च्या खाली, रेडिएटर गार, स्क्रीनवर कोड. व्हेलंटवर एफ२२, आयडियलच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ१, वूस्टर बॉशच्या नव्या मॉडेलांवर १०१७ डब्ल्यू. तिन्हींचं म्हणणं एकच: आत पाणी कमी आहे.
- भरलं की ठीक, पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा खाली.
- हीटिंग चालू असताना काटा ३ कडे धावतो आणि सगळं गार झालं की शून्याजवळ येतो.
- कोणी हात न लावता काटा आपोआप चढतो, अगदी हीटिंग बंद असतानाही.
- घराबाहेर भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकतंय, किंवा तिच्याखालची वीट ओली आहे.

तिसरं आणि पाचवं लक्षण बहुधा जोडीनेच येतं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण पुन्हा पुन्हा परत येणारा बिघाड बहुतेक वेळा तोच असतो.

१. काट्याची नोंद ठेवा

फुकटातली तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. रोज सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी काट्याचा फोटो काढा. रात्री हीटिंग चांगलं तापलेलं असताना दुसरा. चार-पाच दिवस पुरे. फोटोवर वेळ आपोआप येते, वही लागत नाही.

सकाळचीच नोंद का, तर पाणी तापलं की फुगतं आणि काटा वर जातो. रात्री पाहिलेला १.८ आणि सकाळी पाहिलेला १.२ यात एक थेंबही गळलेला नसू शकतो. गार पाण्याची गार पाण्याशीच तुलना करायची. इंजिनिअर आला तर हेच फोटो त्याला दाखवा, त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

२. रेडिएटर ब्लीड केले होते का?

हवा काढली की तिची जागा पाणी घेतं आणि दाब उतरतो. घरात कोणी किल्ली फिरवून हवा काढली असेल, नवा रेडिएटर किंवा टॉवेल रेल बसवली असेल, रंगकामासाठी रेडिएटर उतरवला असेल, तर नंतरच्या काही दिवसांत एक-दोनदा पाणी भरावं लागणं साहजिक आहे. त्यानंतर काटा थांबला तर पुढचं वाचायची गरज नाही.

पण दर महिन्याला त्याच रेडिएटरमध्ये हवा साठत असेल तर सोडून देऊ नका. बाहेरची हवा कुठून तरी आत येतेय, किंवा आत गंज चढून त्यातून वायू तयार होतोय.

३. फिलिंग लूप नीट बंद आहे का?

बॉयलरखाली चंदेरी जाळीची एक लवचीक नळी असते, दोन्ही टोकांना छोटे कॉक. हाच फिलिंग लूप. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी खाली निळी दांडी किंवा प्लॅस्टिकची किल्ली असते. मेनचं पाणी हीटिंगमध्ये घ्यायचं ते इथूनच.

भरायची रीत अशी. बॉयलर बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. नळीची दोन्ही टोकं हाताने घट्ट आहेत का पाहा. एक कॉक पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळूहळू. पाणी शिरल्याचा सूं असा आवाज येतो. नजर काट्यावर ठेवा आणि १.३ च्या आसपास आला की दोन्ही कॉक बंद करा. नियमाप्रमाणे भरून झाल्यावर ही नळी काढून ठेवायची असते आणि उघड्या टोकांना टोपणं लावायची असतात. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं जोडलेलीच राहते.

भरताना एक गोष्ट बारकाईने पाहा: काटा चढतो कसा? सावकाश, नजरेला समजेल असा चढला तर चांगलं. कॉक जरा उघडताच काटा अर्ध्यावरून थेट अडीचवर उडाला, तर ते सातव्या मुद्द्यातल्या एक्स्पान्शन व्हेसलचं दुखणं आहे. ही खूण फार कामाची आहे आणि तिला पाना लागत नाही.

काटा आपोआप चढत असेल तर पहिला संशय याच कॉकवर घ्या. आतला रबर झिजला की कॉक बंद असूनही मेनचं पाणी झिरपत राहतं. दोन्ही कॉक बंद करून नळी काढा, खाली वाटी ठेवा आणि मेनच्या बाजूचं तोंड तासभर पाहा. थेंब पडले तर कॉक पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. टोपण लावून ठेवा आणि प्लंबरकडून बदलून घ्या. तोंड कोरडं आणि तरीही काटा चढतोय, तर आठव्या मुद्द्याकडे जा.

चुकून जास्त भरलं गेलं तर घाबरायचं कारण नाही. एखादा रेडिएटर ब्लीड करून थोडं पाणी काढा. खाली जुना टॉवेल आणि कप धरा, कारण ते पाणी काळं असतं आणि गालिच्यावरचा डाग निघत नाही.

४. बाहेरच्या तांब्याच्या नळीला पिशवी बांधा

बॉयलरमधून निघून भिंतीपार जाणारी १५ मिलिमीटरची तांब्याची नळी शोधा. तिचं तोंड बहुधा भिंतीकडे वळवलेलं असतं, म्हणजे उकळतं पाणी उडालं तर कोणाच्या अंगावर येऊ नये. ती सेफ्टी व्हॉल्व्हची नळी. काम कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंच: आत दाब वाढला की वाट करून द्यायची. फरक असा, की हा व्हॉल्व्ह एकदा उघडला की आतला गाळ त्याच्या बैठकीवर अडकतो आणि तो पुन्हा पूर्ण बंद होईलच असं नाही. मग थेंब थेंब पाणी कायम जात राहतं, आणि घराबाहेर जात असल्याने घरात कोणाला पत्ता लागत नाही.

फ्रीझरची छोटी पिशवी त्या नळीच्या तोंडाला रबरबँडने सैलशी बांधा आणि चोवीस तासांनी पाहा. पिशवीत पाणी आलं तर गळती सापडली. पावसात वीट नुसती पाहून काही कळत नाही, म्हणून पिशवी हवी. नळीच्या तोंडाला पांढरा किंवा हिरवट थर असेल तर पाणी बऱ्याच दिवसांपासून जातंय. तपासणी झाली की पिशवी काढायला विसरू नका. ती वाट कधीही बंद असता कामा नये.

ती नळी आणि पांढरी प्लॅस्टिकची कंडेन्सेट नळी (बॉयलरच्या धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारी) यांची गल्लत करू नका. प्लॅस्टिकच्या नळीतून बॉयलर चालू असताना पाणी येणं हे तिचं कामच आहे.

५. एकेक रेडिएटर, कोरड्या टिश्यूने

याला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. गळती शोधायची ती सकाळी, सगळं गार असताना. तापल्यावर धातू फुगून बारीक फट मिटते, आणि निसटलेला थेंबही गरम नळीवरच वाळून जातो. रात्री हात लावून "कोरडं आहे" म्हटलेला व्हॉल्व्ह सकाळी ओला सापडतो.

टॉयलेट रोलचा कोरडा कागद घडी करून घ्या आणि प्रत्येक रेडिएटरच्या या जागांवरून फिरवा: दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हचे नट, व्हॉल्व्हच्या वरच्या दांडीभोवतीची जागा, वरच्या कोपऱ्यातला ब्लीड करायचा स्क्रू आणि रेडिएटरची खालची शिवण. एका टोकाला प्लॅस्टिकची साधी टोपी असते. ती ओढून काढा, आत पितळी दांडी दिसेल. तिच्या बुडाशी तपकिरी रेघ, हिरवट पावडर किंवा मिठासारखा पांढरा खवला असेल, तर तिथून पाणी येऊन वाळलेलं आहे, आत्ता कागद ओला होवो न होवो.

दांडीजवळचा छोटा नट अगदी थोडा, घड्याळाचा काटा पाच-सात मिनिटांत सरकतो तेवढाच, आवळून पाहायला हरकत नाही. दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेवा, नाहीतर जोर खालच्या नळीवर जातो आणि भलतंच काहीतरी सैल होतं. तेवढ्याने थांबलं नाही तर अजून जोर लावू नका. आकड्यांच्या गोल टोपीखालचा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर तो बहुधा बदलावाच लागतो.

रेडिएटरच्या पत्र्यावर गंजाचा फोड आणि त्यातून ओल, तर त्या रेडिएटरचे दिवस भरले. पण तेवढ्यासाठी घरभर थंडीत बसायची गरज नाही. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, बाकीचं घर तापत राहतं. साध्या टोपीखालचा व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे झाले ते लिहून ठेवा. उघडताना तेवढेच उघडायचे, नाहीतर सगळ्या घरातलं गरम पाण्याचं वाटप बिघडतं.

रेडिएटर झाले की फरशी पाहा. लॅमिनेटचे सांधे फुगलेत का, खालच्या मजल्यावरच्या छताला पिवळं वर्तुळ आलंय का, स्वयंपाकघरातल्या कपाटामागून कुबट वास येतोय का.

६. बिघाड बॉयलरमध्ये की घरातल्या नळ्यांमध्ये?

इतकं करून काही सापडलं नाही तर ही रात्रभराची चाचणी करा. माझ्या मते सगळ्यात जास्त उलगडा हीच करते.

सगळं गार असताना १.५ पर्यंत भरा. बॉयलर शेजारच्या स्विचवर बंद करा आणि त्यावर कागद चिकटवा, म्हणजे पहाटे कोणी चालू करणार नाही. बॉयलरखालच्या नळ्यांपैकी दोन हीटिंगच्या असतात, एक जाणारी आणि एक परत येणारी. बहुतेक कॉम्बींत त्या अगदी कडेच्या दोन, पण अंदाजाने हात घालू नका, मॅन्युअलमधलं चित्र पाहूनच ठरवा. त्या दोघींचे कॉक बंद करा. गॅसच्या नळीला आणि तिच्या कॉकला हात लावायचा नाही. कुठली नळी गॅसची हे खात्रीने ओळखता येत नसेल तर ही चाचणी तुमच्यासाठी नाही, सोडून द्या.

सकाळी काटा पाहा. उतरला असेल तर पाणी बॉयलरमधूनच जातंय: सेफ्टी व्हॉल्व्ह, आतला एखादा सांधा किंवा हीट एक्स्चेंजर (आतलं पाणी तापवणारा भाग). पुढचं काम इंजिनिअरचं. काटा जागेवर असेल आणि कॉक उघडताच खाली आला, तर बॉयलर निर्दोष आहे आणि गळती नळ्यांमध्ये किंवा रेडिएटरमध्ये आहे. त्या बाबतीत नवा बॉयलर घेऊन काहीही सुटणार नाही. कोणी तसं सुचवलं तर या चाचणीचे फोटो पुढे करा. जुने कॉक कधीकधी पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून निकाल संदिग्ध वाटला तर दुसऱ्या रात्री पुन्हा करून पाहा. बॉयलर चालू करण्याआधी दोन्ही कॉक उघडलेत ना, हे दोनदा पाहा.

गळती फरशीखाली निघाली, विशेषतः काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळीला, तर फोडाफोड सुरू करू नका. तांब्याची नळी आवरण न घालता काँक्रीटमध्ये टाकली असेल तर ती बाहेरून खात जाते, आणि छिद्र नेमकं कुठे आहे ते डोळ्यांनी कळत नाही. गळती शोधणारे लोक थर्मल कॅमेरा घेऊन येतात. त्याआधी घराची विमा पॉलिसी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये 'ट्रेस अँड ॲक्सेस' नावाचं कलम असतं. गळती शोधणं आणि तिथवर पोचण्यासाठी फरशी उकलणं याचा खर्च त्यातून मिळू शकतो. आधी विमा कंपनीला कळवा, फरशीला मग हात लावा.

७. एक्स्पान्शन व्हेसल: हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो इथून

साधारण तीन बेडरूमच्या घरात हीटिंगमध्ये शंभर लिटरच्या आसपास पाणी असतं असं धरा. २० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की ते दोन टक्क्यांहून थोडं अधिक फुगतं, म्हणजे दोन लिटर पाणी जास्तीचं झालं. पाणी दाबून लहान करता येत नाही. हे दोन लिटर कुठेतरी सामावायला हवेत.

त्यासाठी बॉयलरमध्ये धातूचा एक चपटा डबा असतो, बहुधा लाल किंवा राखाडी. त्याच्या मधोमध रबराचा पडदा. एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला ०.७५ ते १ बार दाबाने भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा सरकतो, हवा आवळली जाते आणि काटा जेमतेम अर्धा बार वर जातो. वर्षं जातात तशी ही हवा हळूहळू निसटते. हवा संपली की डबा पाण्याने भरतो आणि जास्तीच्या पाण्याला जागाच उरत नाही. हीटिंग लागलं की काटा ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेरच्या नळीतून जातं. सगळं गार झालं की तेवढं पाणी कमी, काटा शून्याजवळ. तुम्ही भरता. संध्याकाळी पुन्हा तेच. भरलेला प्रत्येक लिटर बाहेर फेकला जातो.

या चक्रात सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडतो आणि शेवटी कायमचा ठिबकायला लागतो. मग कोणीतरी येतं, ठिबकणारा व्हॉल्व्ह पाहतं, तो बदलून जातं. काही आठवडे बरे जातात आणि नवा व्हॉल्व्हही गळायला लागतो, कारण त्याला उघडायला लावणारा डबा तसाच हवेविना असतो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे, की "गेल्याच वर्षी व्हॉल्व्ह बदलला होता" असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न व्हेसलबद्दल असतो. उलटही खरं: व्हेसलमध्ये हवा भरली आणि गाळ बसलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तरी ठिबकणं थांबत नाही. दोन्ही एकाच भेटीत तपासायला सांगा.

हवा भरायला डब्यावर श्रेडर व्हॉल्व्ह असतो, गाडीच्या टायरला असतो तोच, आणि साध्या पायपंपाने हवा भरता येते. म्हणून इंटरनेटवर पुष्कळ जण हे घरी करायला सांगतात. पण हा डबा बहुतेक कॉम्बींमध्ये झाकणाच्या आत असतो, आणि कित्येक बॉयलरमध्ये ते झाकण म्हणजे ज्वलनाची सीलबंद पेटीच असते. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. तेव्हा हे काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या इंजिनिअरचंच.

तो काय करतो हे मात्र माहीत असू द्या. आधी हीटिंगच्या पाण्याचा दाब शून्यावर आणायचा, पाणी निघायची वाट उघडी ठेवायची, मग हवा भरायची, आणि शेवटी पाणी. पाण्याचा दाब तसाच ठेवून हवा मोजली तर मीटर पाण्याचाच दाब दाखवतो आणि "व्हेसल ठीक आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. श्रेडर व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला, डबा बदलायचा. आतला डबा काढणं फार जिकिरीचं असेल तर बाहेर परतीच्या नळीवर वेगळा व्हेसल बसवतात. तो पर्याय चांगला आहे, नुसती जागा लागते.

वार्षिक सर्व्हिसच्या वेळी "व्हेसलची हवा तपासली का?" असं स्पष्ट विचारा. न विचारता ते होईलच असं नाही.

८. आतले बिघाड

काटा आपोआप चढतोय आणि फिलिंग लूप कोरडा आहे, तर बहुधा प्लेट हीट एक्स्चेंजरला आत छिद्र पडलंय. नळाचं पाणी आणि हीटिंगचं पाणी तिथे पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात. मेनचा दाब जास्त, म्हणून नळाचं पाणी हीटिंगमध्ये शिरतं.

बाहेर कुठे थेंब नाही, पिशवी कोरडी, तरी बॉयलर रात्रीत दाब सोडतो, आणि बॉयलर बराच वेळ बंद असूनही कंडेन्सेट नळीतून पाणी येत राहतं: मुख्य हीट एक्स्चेंजर. हा महागडा भाग. बॉयलर जुना आणि वॉरंटी संपलेली असेल तर दुरुस्ती की नवा, हा हिशेब इथे करावा लागतो. त्याआधी दुसऱ्या इंजिनिअरचं मत घ्या.

क्वचित दोष काट्याचाच निघतो. पाणी भरलं, ब्लीड केलं, तरी काटा ढिम्म हलत नाही, तर तो किंवा सेन्सर अडकलाय.

हीटिंगमध्ये ओतायचं लीक सीलर बाजारात मिळतं. नळीच्या अतिबारीक छिद्राला त्याचा कधी उपयोग होतो. व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा कॉक यांच्या बिघाडाला काडीचाही नाही. कारण सापडलेलं नसताना ते ओतू नका, आणि ओतलं असेल तर इंजिनिअरला सांगा.

कधी थांबायचं

वर्षातून एक-दोनदा पाणी भरावं लागलं तर चिंता नको. दर महिन्याला लागत असेल तर वरच्या तपासण्या करा. दर आठवड्याला लागत असेल तर इंजिनिअर बोलवा. रोज लागत असेल तर भरणं थांबवा आणि बॉयलर बंद ठेवा. प्रत्येक वेळी नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, पोलादी रेडिएटर गंजतात, गंजाचा काळा गाळ पंपात आणि एक्स्चेंजरमध्ये बसतो, आणि गंज रोखायला घातलेलं इन्हिबिटर पातळ होतं. रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागतो तो याच गाळामुळे. गळती दुरुस्त झाल्यावर इन्हिबिटर पुन्हा घालायला सांगा.

बॉयलरमधून किंवा विजेच्या स्विचजवळ पाणी येत असेल, बाहेरच्या नळीतून उकळतं पाणी वाहत असेल, किंवा तपासणीसाठी झाकण उघडावं लागणार असेल, तर तिथेच थांबा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, मीटरजवळचा गॅस बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा हीटिंग चालू असताना घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, तरी हेच करायचं.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर हळूहळू उतरणारा काटा "आल्यावर बघू" म्हणून सोडू नका. दाब कमी होऊन बॉयलर बंद पडला की त्याचं थंडीपासूनचं संरक्षणही चालत नाही. मग कडाक्याच्या थंडीत नळ्या गोठून फुटू शकतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर पाना हातात घ्यायचंच कारण नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाकडे असते. गॅसची वार्षिक सुरक्षा तपासणीही त्याचीच जबाबदारी. काट्याचे फोटो जोडून एजंटला ईमेल करा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कराच. फिलिंग लूप उघडायला एजंटने सांगितलं तर तेही लेखी घ्या.

गॅसवर काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर असणं कायद्याने बंधनकारक आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये कॉर्गी या जुन्या नोंदणीची जागा या रजिस्टरने घेतली, त्यामुळे अजूनही "कॉर्गीवाला आहे" म्हणून कोणी पाठवला तर पुन्हा चौकशी करा. आयर्लंडमध्ये आरजीआय (रजिस्टर्ड गॅस इन्स्टॉलर) नोंदणी पाहायची. दारात आल्यावर कार्ड मागण्यात संकोच नको. कार्डाच्या मागच्या बाजूला तो कुठलं काम करू शकतो ते लिहिलेलं असतं, आणि नंबर वेबसाइटवर तपासता येतो.

फोन करताना "प्रेशर जातंय" एवढंच सांगू नका. बॉयलरचं मॉडेल, गार आणि गरम असतानाचे आकडे, पिशवीत पाणी आलं का, रात्रभराच्या चाचणीत काटा उतरला का, आणि याआधी कुठला भाग बदलला होता, एवढं सांगा. म्हणजे तो लागणारा भाग सोबत घेऊनच येईल आणि दुसऱ्या भेटीचे पैसे वाचतील.